ती खुर्ची राहणार

मंगळवार, राजाजीनगर

खुर्ची काढणार नाही. नाही म्हणजे नाही.

जे. पी. नगरच्या गॅलरीतल्या बाई आज माझ्या चित्राकडे बराच वेळ बघत होत्या. येलहंक्याचं तळं आणि काठावर आईची घडीची निळी खुर्ची, रिकामी. म्हणाल्या, "तळं सुरेख आहे. ती खुर्ची तेवढी पुसून टाका, प्रदर्शनात घेते." मी चित्र उचललं आणि रिक्षात घालून घरी आणलं.

माझा भाऊ, अण्णा, चिडला. "स्वल्प अॅडजस्ट केलं असतंस तर काय बिघडलं असतं? पहिलंच प्रदर्शन होतं तुझं!"

खरंय, पहिलंच. मी हट्टी आहे का? असेन. पण खुर्ची पुसली की उरतं काय? नुसतं पाणी.

आई गेल्यापासून बाबा तिच्याबद्दल चकार शब्द बोललेले नाहीत. मी चित्र भिंतीला टेकवलं, तर ते समोर येऊन उभे राहिले. खुर्चीच्या पाठीवरून हलकेच बोट फिरवलं. म्हणाले, "उन्हाकडे पाठ करून बसायची. आणि मला म्हणायची, तुम्ही बसा की गवतावर!" मग हसले, आणि बोलतच राहिले. जेवण गार झालं.

नंतर बाईंना मेसेज केला : चित्र आहे तसं लावणार असाल तरच कळवा.

उत्तर नाही. न येईना का.