ढिगाखालची कबड्डी

लाखनी,
दिवाळीनंतरचा सोमवार

प्रिय रुचे,

"पहिली चढाई माझी, नाही तर यंदा मंडईले येतच नाही," एवढं बोलून तू फोन ठेवलास. लहानपणापासून तुझं असंच, फणकारा आधी आणि बोलणं मग. म्हणून पत्र लिहिते. यात मधेच माझं बोलणं तोडता येणार नाही तुला.

आपल्या आंधळगावच्या मंडईच्या जत्रेत माहेरवाशिणी विरुद्ध सुना असा सामना म्हटला की पहिली चढाई तुझी, हे गावानं धरूनच ठेवलंय. गेल्या वर्षीही तूच गेलीस. रुखमावहिनीला शिवलीस, वळलीस आणि रेषेला वीतभर कमी पडलीस. तिघी सुना अंगावर पडल्या. पण त्या ढिगाखालून तुझं "कबड्डी कबड्डी" चालूच! वरच्या तिघींना धाप लागली, तरी तुझा दम तुटेना. पंच बिचारा गुडघ्यावर बसून कान लावून ऐकत होता. लोक पोट धरून हसले.

उठल्यावर तू म्हणालीस, फुप्फुसं गेली वं माझी. साफ खोटं. फुप्फुसं जागेवर आहेत, गेली ती झेप. उन्हाळ्यात आम्हा क्रीडाशिक्षकांच्या शिबिरात हेच शिकवलं. वय दोन्हीकडून कुरतडतं, पण क्षणाचा जोर आधी ओसरतो. लांबचा दम वापरत राहिलं तर बराच टिकतो. तू आशाताई म्हणून लाखांदूरकडच्या गावांत दिवसभर सायकल मारतेस, तुझा का नाही टिकणार? माझंही तेच. शाळेतल्या पोरी एका फेरीत मला मागे टाकतात आणि चौथ्या फेरीला बाभळीखाली बसलेल्या असतात. मी आपली पळतेच आहे. तरी त्या पहिल्या फेरीचं वाईट वाटतं गं, रोज वाटतं.

आता मुद्द्याचं. यंदा पहिली चढाई आटाचक्कीवाल्या ताराचंदकाकांच्या गुड्डीला दिली आहे. लग्नानंतरची तिची पहिली मंडई, आणि पोरगी पळते की उडते ते कळत नाही. हे कमिटीनं नाही, कॅप्टन म्हणून मी ठरवलं. दुसऱ्या कुणाकडून तुला कळू नये म्हणून हे पत्र. शिव्या दे, पण पिशवी भरता भरता दे. गेल्या वर्षी सगळे हसत होते तेव्हा मी रडत होते. ढिगाखालून येणारा तुझा आवाज थांबू नये, एवढंच वाटत होतं. सुरुवातीला काय, कोणीही जाईल. शेवटी सगळ्यांचे पाय जड झाल्यावर जायला माझ्याकडे एकच बाई आहे. ती जागा मी दुसरीला दिलेली नाही. तू नाही आलीस तर आम्ही एकीनं कमी खेळू.

तुझीच,
हर्षा