हनुवटीपर्यंतचा पदर

मांडवी, रत्नागिरी
कार्तिक शुद्ध दशमी, शके १८५५

चिरंजीव हरीस आजीचे आशीर्वाद. इकडे सगळे बरे, माझे गुडघे सोडून. मी सांगते आहे, राही लिहिते आहे. राही म्हणजे तुझी बायको. दोन गणपती आला नाहीस, म्हणून ओळख करून दिली.

मुंबईच्या चित्रशाळेत रंगवलेला तुझा हुतुतू पोचला. पडवीत खाटेवर पसरलाय. बाबल्याला चौघांनी धरलंय, गाल फुगलेत, दम सुटायला आलाय, तरी हात रेघेकडेच. बघता बघता माझाच श्वास कोंडला. पुळण अशी उडवलीस की मी खाट झटकायला निघाले. मला पालथ्या होडीशी बसवलंस आणि दात सगळे दिलेस. देव तुझं भलं करो.

पण माझ्या शेजारी हनुवटीपर्यंत पदर ओढलेली ती कोण रे? आपल्याकडे तोंड झाकून कोण बसतं? लुगडं तर राहीचं, लग्नातलं.

ते बघून राही आत गेली, ती जेवायलाही आली नाही. तुला तिची लाज वाटते, असं तिने धरलं. त्यात तिचा भाऊ भिकाजी संगमेश्वराहून आलेला. "नवरा बोलावत नाही, तर मी बहिणीला घेऊन जातो," म्हणाला. (हे ती लिहीत नव्हती. लिही गो, म्हटलं.)

मी पुन्हा चित्राशी बसले. बाबल्याच्या भुवईवरचा व्रण जागच्या जागी. लवूचा वाकडा अंगठासुद्धा. बघितलं नाहीस ते तू काढत नाहीस. लग्नानंतर महिनाभर इथे होतास, पण वडीलमाणसांसमोर बायकोकडे बघायचं नाही, पडवीत दिवसभर मी बसलेली, आणि रात्री दिवा मालवलेला! मेल्या, तुला तिचं तोंडच ठाऊक नाही. भलतंच नाक काढण्यापेक्षा पदर ओढलास.

हे सांगितलं तर राही हसली. "आजी, मला तरी त्यांचे कान कुठे आठवतात!"

भिकाजीला म्हटलं, बहिणीला ने, पण मुंबईला. तुझ्या बाबांना विचारलं नाही, सांगितलं. मंगळवारच्या बोटीने दोघं निघतात. धक्क्यावर ये. भिकाजी सामान मोजत बसेल, तसं त्याला बजावलंय. तू पोटभर बघून घे.

खाली चार बोटं जागा सोडली आहे. तिथे राही काय लिहील ते मला वाचता येत नाही, हे तुम्हा दोघांचं नशीब.

तुझी आजी,
गंगुबाई