पंखा मुद्दाम जुनाच ठेवलाय

आई,

घाईत निघालेय, म्हणून लिहून ठेवते. बाबा गेल्यापासून धूळ खात पडलेला त्यांचा कॉम्प्युटर एकदाचा सुरू झाला. मेमरी भंगारातली, हार्ड डिस्क माझ्या मोडक्या लॅपटॉपची. आता सुरू करताना त्याला चापट मारायची गरज नाही. तू सवयीनं मारशीलच, म्हणून सांगते.

पंखा मात्र जुनाच आहे. नवा आणला होता, पण तो इतका गरीब की कॉम्प्युटर चालू आहे की बंद, कळणारही नाही. तो ड्रॉवरमध्ये ठेवलाय. जुन्याला तेल घातलंय, अजून वर्षभर तरी घरघरेल.

काल तपासायला म्हणून चालू केला, तेव्हा ती घरघर ऐकून तू स्वयंपाकघरातून विचारलंस, "अहो, चहा टाकू का?" मग तू उगाचच नळ सोडलास, आणि मी ऐकलंच नाही असं दाखवलं. चुकलं माझं.

सहापर्यंत येते. आल्या आल्या कॉम्प्युटर लावेन. तू कालसारखं विचार. या वेळी बाबांसारखंच उत्तर देईन: अर्धाच टाक गं.

ठकू