चाळीस नटांची एकच हनुवटी

कैरो, मंगळवार

आदरणीय मामा,

इथूनच तुमचा उजवा हात ओठांना आणि मग कपाळाला लावतो. गुडघा आता कसा आहे? मामींची कबुतरं, म्हैस आणि तिचं नवं रेडकू सुखात असोत. (रेडकू झाल्याचं आईकडून कळलं, तुमच्याकडून नाही. याचा राग आहे, पण तो भेटल्यावर काढीन.) माझी तब्येत ठणठणीत आहे. फक्त अर्धी मिशी गेली आणि मग उरलेलीही काढावी लागली. ती हकिगत ओघात येईलच.

आधी तुमचा जीव भांड्यात पडू दे. नोकरी कायम झाली! महरूस औषधवाल्यांनी अट घातली होती ना, की आधी कायम नोकरीचा कागद दाखवा, मग आमच्या मुलीचं, इन्साफचं, लग्न ठरवायला फातिहा वाचू? तो कागद या क्षणी माझ्या खिशात आहे आणि दर दहा मिनिटांनी मी तो चाचपून बघतो. शुक्रवारी तुमच्याबरोबर त्यांच्या दिवाणखान्यात बसायला मी मोकळा झालो. पण मामा, गेल्या महिन्यात माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं हो.

झालं असं, की आमच्या साप्ताहिकाचे संपादक रऊफ साहेब व्यंगचित्राखाली कुणाचं नाव छापू देत नाहीत. नाव लिहावं लागलं तर चित्र कशाला काढलं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून प्रत्येक चित्र आधी कचेरीत कॉफी करणाऱ्या दसूकी चाचांना दाखवतात. चाचांना अक्षर वाचता येत नाही, पण कैरोत लागलेला एकही सिनेमा त्यांनी सोडलेला नाही. त्यांनी नाव घेतलं तर चित्र छापखान्यात, नाहीतर टोपलीत. मला एक महिना मिळाला होता आणि नट काढायचे होते; तेवढ्यात चाचांनी एक तरी ओळखला तर नोकरी कायम, नाहीतर घरी. मी काय केलं, तर कचेरीच्या कपाटातले चाळीस नटांचे फोटो घरी नेले आणि परीक्षेला बसल्यासारखा अभ्यास केला. वहीत रकाने आखले, नाकं मोजली, भुवया मोजल्या. (घरमालकीण बाईंना वाटलं, मी चोरांची यादी करतोय. दोन दिवस त्यांनी दाराला आतून कडी घातली.) पहिली सात चित्रं घेऊन गेलो. चाचांनी सातही पाहिली, कॉफी ढवळली आणि विचारलं, "बेटा, हे सगळे भाऊ आहेत का?"

सातही टोपलीत गेली! रात्रंदिवस काढलेली पुढची नऊसुद्धा! तेव्हा कुठे मला शंका आली आणि मी ते फोटो ज्या स्टुडिओतले, तिथे गेलो. तिथे लमई उस्ताद नावाचे गृहस्थ आहेत. हातात बारीक कुंचला, डोळ्याला भिंग. सिनेमावाल्यांचे फोटो साफसूफ करण्याचं काम तीस वर्षं त्यांच्याकडेच आहे. मी वही उघडून दाखवली तर गृहस्थ खूश झाले. "लोकांना सुंदर दिसायचं असतं," म्हणाले, "आणि मला सुंदर हनुवटी एकच जमते. जी जमते ती सगळ्यांना लावतो." म्हणजे पंचवीस दिवस मी नटांचा नव्हे, लमई उस्तादांच्या कुंचल्याचा अभ्यास केला होता! पाच दिवस उरले होते. मला इन्साफ दुसऱ्या कुणाच्या घरी चहा नेताना दिसू लागली.

मग ठरवलं, जिवंत नट गाठायचा. सिनेमातला तो खलनायक फहमी शंदवीली दर शनिवारी दाढीला कुठे जातो हे चाचांना ठाऊक होतं. त्या न्हाव्याकडे जाऊन मी त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसलो, अंगावरच्या कापडाखाली वही धरली आणि आरशातून त्याला न्याहाळू लागलो. न्हावी म्हणाला, हलू नका. पण शंदवीलीने मान वळवली तशी मीही वळवली आणि माझी डावी मिशी वस्तऱ्यावर गेली. माझी किंकाळी ऐकून तो दचकला.

"तू पोलीस आहेस का रे?"

"नाही साहेब, व्यंगचित्रकार."

"अरे देवा!" म्हणत त्याने लगेच हनुवटी तळहाताने झाकली. मामा, मी मिशी विसरलो. ज्याला पाहून पडद्यावर गावंच्या गावं पळतात, त्या माणसाला हनुवटीच नव्हती. तोंड संपलं की सरळ गळाच सुरू! माणूस जे झाकतो तेच काढायचं, हे शहाणपण मला चाळीस फोटोंनी दिलं नाही, त्या एका तळहाताने दिलं.

शेवटच्या दिवशी चित्र ठेवलं. चाचा बघतच राहिले, मग ट्रे खाली ठेवून पोट धरून हसले. "शंदवीली! मेल्याचा गळाच हसतोय बघ!" रऊफ साहेबांनी तिथेच माझ्या नोकरीच्या कागदावर सही केली. मी जिन्यात जाऊन चक्क रडलो, सांगायला लाज नाही.

मामींना सलाम. रेडकाला थोपटा.

तुमचा भाचा,
बहगत

ता. क. एक छोटंसं काम आहे. महरूसांच्या घरी तुम्ही माझा जो फोटो दिलात, तोही लमई उस्तादांच्या हातचा आहे. त्यातले कान माझे नाहीत. (तुम्ही चष्म्याशिवाय पाहिलात की भाच्यावरच्या मायेने गप्प बसलात, ते मी विचारत नाही.) मिशी माझी होती, पण तीही आता नाही. तेव्हा शुक्रवारी मी गेलो, तर दारात त्यांना परका माणूस दिसेल.

आणखी एक. सोबत मी माझंच व्यंगचित्र पाठवतोय, कान जसे आहेत तसे, किंबहुना थोडे जास्तच. गुरुवारी ते फक्त इन्साफच्या हातात द्या, तिच्या आईच्या नव्हे, आणि काही बोलू नका. मी तिला एकदाच, चुलतबहिणीच्या लग्नात, पाहिलंय आणि तेव्हा ती हसत होती. चित्र बघून हसली तर तार करा, मी पहिल्या गाडीने निघतो. नाही हसली तर फोटोतल्या माणसाशी लग्न लावायला कुणी तिला सांगू नये. तो मुळात नाहीच, आणि मी इथे आहे.