वायरचं दुसरं टोक

४ मार्च
आलो एकदाचे! नवऱ्याच्या मते आमचा संसार दोन खोक्यांत मावला, बाकी सगळी खोकी माझ्या हौशी रेडिओची. वरच्या मजल्यावरची हवेशीर जागा, मागच्या रिकाम्या आवारात उंच झाड. अजून काय हवं? घरमालकीण मावशींनी जरा आढेवेढे घेतले, पण झाडाला वायर बांधू दिली. वीस मीटरची एकच वायर. एक टोक माझ्या खिडकीशी, रेडिओला जोडलेलं. दुसरं झाडाला दोरीने बांधून नुसतंच अधांतरी. एवढ्यावर चाळीस, वीस, पंधरा, दहा मीटर तरंगलांबीचे चारही बँड चालतात! दुपारी परदेशातल्या एका आजोबांशी मोर्समध्ये मनसोक्त गप्पा झाल्या.

६ मार्च
चाळीस मीटरवर कुणीतरी संथपणे एकच अक्षर पाठवत होतं. लांब, आखूड, लांब. आम्हा रेडिओवाल्यांत त्याचा अर्थ, ‘आता तू बोल.’ वीसवर गेले, तोच हात. मोर्स पाठवणाऱ्याचा हात आवाजासारखा ओळखता येतो. पंधरावर तोच, दहावरही तोच आणि तितकाच जोरात. असं होत नाही. प्रत्येक बँडची पोच वेगळी. जो चारही ठिकाणी सारखाच ऐकू येतो, तो जवळच असणार.

७ मार्च
न राहवून विचारलं, कोण? उत्तर आलं, ‘हिरवा रंग तुला शोभतो.’
मी हिरव्या कुडत्यात बसले होते. पडदे ओढून घेतले. मावशी म्हणाल्या, मागे वस्तीच नाही, बाई.

८ मार्च
मोर्स पाठवायच्या किल्लीला बोटही लावलेलं नाही, तरी रेडिओवरच्या मीटरचा काटा हलतोय. वायरमध्ये वीज माझ्याकडून जात नाहीये. दुसऱ्या टोकाकडून येतेय. तिथे झाडाशिवाय काही नाही.
नवरा आधी हसला, मग माझा चेहरा पाहून पक्कड घेऊन निघाला. “तोडूनच टाकतो, तू चहा ठेव.”

संध्याकाळ
खिडकीतून पाहिलं. तो झाडाखाली गेला. वायर ताणली गेली— मग सैल. तो दिसेना. हाका मारल्या. ओ नाही.
रेडिओ मात्र शांत झाला. हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू—
जिन्यात पावलं. आला.

बेल वाजतेय. दाराची चावी त्याच्याकडे आहे. मग बेल का—
आखूड, लांब. थांबून पुन्हा. तोच संथ हात.
नवऱ्याला मोर्स येत नाही.
दार उघडलेलं नाही. अक्षरं लिहून घेतेय—
आता— वायर— लागत— ना