बाकी शून्य

२ ऑगस्ट
शून्य आलं! नवऱ्याच्या मशीनवर बाकी शून्य — या चाचणीत लाखो पायऱ्यांनंतरची शेवटची बाकी शून्य, म्हणजे संख्या मूळ! दोनाचा अवाढव्य घात, त्यातून एक वजा. लिहून काढायची तर घरातला कागद पुरणार नाही, आणि एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. आनंदाच्या भरात त्याने मला उचललं आणि भिंतीवर आपटलं. कौतुकाने म्हणे! खांदा ठणकतोय.

५ ऑगस्ट
फेरतपासणी दादाकडे. आम्ही तिघंही एकाच गणित विभागात, त्यामुळे नियम तिघांनाही पाठ — दुसरं मशीन, दुसरा प्रोग्राम, दुसरा माणूस. बाकी जुळल्याशिवाय जाहीर करायचं नाही. नवरा गुरगुरला, "माझ्यावर विश्वास नाही?" दादा हसत म्हणाला, "जावईबापू, विश्वासाने संख्या मूळ होत नाही." हसायला नको होतं त्याने.

१९ ऑगस्ट
"मुद्दाम रखडवतोस!" म्हणून नवऱ्याने दादाच्या मशीनला सणसणीत लाथ घातली. मशीन बंद पडलं नाही, गणित चालूच राहिलं. दोघं एकमेकांच्या गळ्याला भिडले. मी मध्ये पडले आणि ओठ फुटला. कोणाचं कोपर लागलं, कळलं नाही. कळलं की! इथे तरी कशाला खोटं लिहू?

३० ऑगस्ट
दादाची बाकी शून्य नाही. नवऱ्याने खुर्ची उचलली आणि सरळ त्याच्या डोक्यात घातली. केवढं रक्त! टाके घालताना दादा मलाच समजावत होता, "लाथेने आतली मेमरीची पट्टी हलली असणार. आधीच्या बाकीचा वर्ग, वजा दोन, त्याच संख्येने भागून पुन्हा बाकी — एक पायरी चुकली की पुढच्या सगळ्या बोंबलल्या." नवऱ्याला हेच सांगितलं. "बहीणभाऊ मिळून मला संपवायला निघालात!" आणि थोबाडीत.

१ सप्टेंबर
तिसरी तपासणी माझ्याकडे. "शून्य आलं नाही तर हात मोडीन," म्हणाला. करंगळी आजच मोडली. आगाऊ रक्कम!
मी वेडी, दिवसभर घोकतेय — शून्य येऊ दे, शून्य आलं की हा शांत होईल. ती संख्या मूळ आहे की नाही हे माणूस जन्मायच्या आधीच ठरलंय. माझ्या घोकण्याने तिचं काय होणार?

११ सप्टेंबर
दादाने फोनवर विचारलं, "शून्य आलं, की मारायचा थांबेल?"
मी फोन कापला. फार राग आला. दादाचाच!

२४ सप्टेंबर
शून्य. मूळ आहे! तो पहिल्यापासून खरा होता.
निकाल जाहीर करायला पाठवला. शोधणारा म्हणून त्याचं पूर्ण नाव घातलं. तशीच उठून पोलीस ठाण्यात गेले आणि तिथेही त्याचं पूर्ण नाव घातलं.