सारख्या बाटल्या

रविवार, १० ऑक्टोबर २००४



भोसरीतल्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून दुसरं लेथ मशीन आणल्यापासून माझ्या गॅरेजात पाय ठेवायला जागा नव्हती. म्हणून गेल्या आठवड्यात भिंतीला फळ्या ठोकल्या आणि थिनर, टर्पेंटाइन, गंज काढायचं अ‍ॅसिड, सगळं एकसारख्या बाटल्यांत भरलं. सभेत व्यासपीठावर माझ्यासमोर मिनरल वॉटरच्या बाटल्या ठेवतात, त्याच साठवलेल्या. काय देखणी रांग दिसत होती! चिठ्ठ्या नंतर लावणार होतो. शिस्तीवर दोन दोन तास बोलणारा मी.

आज जाधव मिस्त्री लेथ बसवायला आले. "साहेब, पाणी घेतो हं," म्हणाले. मी पाठमोरा होतो. "घ्या की," म्हणालो. त्यांनी फळीवरची अ‍ॅसिडची बाटली उघडून तोंडाशी नेली; वाफ नाकात गेली म्हणून ते थांबले, नाहीतर? त्यांनी बाटलीला झाकण लावलं. "पाहुणचार कडक आहे तुमचा," एवढंच बोलले. मी स्वतः म्हणालो, घ्या की.

ते गेल्यावर फ्रीज उघडला. पिण्याच्या पाण्यालाही त्याच बाटल्या. भरताना कुठली कुठे गेली, छातीठोक सांगता येईना. एकेक उघडून हुंगत बसलो.

"अहो, पाणी आहे ते, अत्तर नाही," बायको म्हणाली.

हजारांच्या सभेत न अडखळणारा मी, तिला एक वाक्य सांगताना तीनदा थांबलो.

तिनं माझ्या हातातली बाटली घेतली आणि फ्रीजमधल्या सगळ्या एकेक करून मोरीत ओतल्या.